नंबर गाडीचा, वेग कुणाचा?

मी सोनईचा. आमच्या शेजारच्या शनिशिंगणापुरात घरांना कडीकुलूप न लावण्याची जुनी रीत आहे. आमच्या घरात ती गाडीच्या किल्लीपुरती आली. किल्ली ओसरीवरच्या खुंटीला; ज्याला काम असेल त्यानं न्यावी. गाडी मात्र माझ्या नावावर, सतरा पासिंगची.

एके दिवशी सकाळी मोबाइलवर चलान आलं. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग, पहाटेची वेळ, मर्यादा ताशी 100 किलोमीटर आणि माझ्या गाडीचा वेग 121! त्या पहाटे मी तर इथे उसाला पाणी देत होतो. मुलगा, पुतण्या आणि एक शेजारी गाडी घेऊन मुंबईला लग्नाला गेले होते. तिघांनी आळीपाळीनं गाडी चालवलेली. "त्या वेळी स्टिअरिंगवर कोण होतं?" असं विचारलं, तर तिघेही गप्प.

मग कॅमेऱ्याला कसं कळतं? मंडळी, त्याला फक्त गाडी कळते. रडार गाडीवर लहरी सोडतं. गाडी जवळ येत असेल तर परतणाऱ्या लहरींची कंपनसंख्या वाढते, त्यावरून वेग निघतो. अँब्युलन्स जवळ येताना भोंग्याचा आवाज चढा वाटतो, तोच हा प्रकार. पोलिसांच्या लेसर गनमध्ये प्रकाशाचे झोत जाऊन परत यायला लागणारा वेळ मोजतात. तिसरी पद्धत दोन कॅमेऱ्यांची. दहा किलोमीटर अंतर पाच मिनिटांत कापलं, म्हणजे सरासरी वेग 120 झाला. कॅमेरा दिसताच ब्रेक दाबणाऱ्यांची हुशारी इथे चालत नाही. द्रुतगती महामार्गावर जुलै 2024 पासून या यंत्रणेची चलानं निघू लागली.

वेग मोजला की कॅमेरा नंबरप्लेट वाचतो. तो नंबर सरकारच्या 'वाहन' या नोंदवहीत शोधला जातो आणि मालकाचं नाव सापडतं. फोटोत चालकाचा चेहरा दिसला, तरी चलान येतं ते नंबरावरून, मालकाच्या नावे.

पुढचं काम कायद्याचं. मोटार वाहन कायदा 1988 चं कलम 133 सांगतं, की अधिकृत पोलीस अधिकाऱ्यानं विचारलं, तर चालकाचं नाव, पत्ता आणि परवान्याची माहिती मालकानं द्यायची. थोडक्यात, शेवटचा साक्षीदार घरातच असतो. 2019 च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाच्या अतिवेगाला एक ते दोन हजार रुपये दंड आहे. दुसऱ्यांदा सापडला, तर चालकाचा परवानाही जप्त होतो. गाडी चालवणारा अल्पवयीन असेल, तर पालक किंवा मालकावरच खटला. 25 हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद.

संध्याकाळी पुतण्या एकटाच आला. "काका, मी होतो. पण माझं पोट ड्रायव्हिंगवर आहे. कुणी विचारलंच, तर तुमचं नाव सांगा ना."

खोटं कशाला बोलू? क्षणभर मलाही वाटलं, की सांगावं. माझं वय झालं, परवान्याचं मला काय? पण ब्रिटनमधली एक गोष्ट आठवली. 2003 मध्ये ख्रिस ह्यून या राजकारण्याची गाडी कॅमेऱ्यात सापडली. पत्नी विकी प्राइस यांनी 'मी चालवत होते' असं सांगून दोष स्वतःवर घेतला. पुढे ह्यून मंत्री झाले, संसार मोडला आणि ती गोष्ट बाहेर आली. 2013 मध्ये दोघांनाही आठ महिन्यांची शिक्षा झाली. अतिवेगाचा गुन्हा केवढासा! तुरुंगात नेलं ते खोट्या नावानं.

मी पुतण्याला म्हटलं, "दंड मी भरतो, तू जमेल तसा फेड. नाव मात्र विचारलं तर तुझंच सांगेन." त्याला राग आला. आठवडाभर तो आमच्याकडे फिरकला नाही. मग एक दिवस येऊन त्यानं निम्मे पैसे ओसरीवर ठेवले.

किल्ली आजही त्याच खुंटीला आहे. शेजारी दोरीनं बांधलेली एक वही लटकते. गाडी नेणाऱ्यानं तारीख, वेळ आणि नाव लिहायचं. वाटेत चालक बदलला, तर तेही लिहायचं. पहिली नोंद पुतण्याच्या अक्षरात आहे.