संशयावरील उतारा
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले आणि शाळामास्तरकीत आयुष्य घालविलेले गृहस्थ. विषाणुशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु त्या शास्त्राने आमच्या डोळ्यांत जे अंजन घातले, ते आपणांस सांगणे आम्ही कर्तव्य समजतो.

मे २०२० मधील दिवस आठवा. कोरोनाच्या भयाने मुंबईचे आपले चाकरमानी मिळेल त्या वाहनाने महाड-पोलादपूरकडे निघाले होते. आमच्या गावच्या वेशीवर बांबू आडवे पडले. आलेल्यांस शाळेत चौदा दिवस ठेवण्यात आले. तसे ठेवणे अवश्यच होते; मात्र त्यांच्याकडे आम्ही ज्या नजरेने पाहिले, ती अवश्य नव्हती. आमचाच एक जुना विद्यार्थी आईच्या औषधांची पिशवी पुढे करून म्हणाला, "गुरुजी, एवढी तरी घरी पोचवा." आम्ही दोन पावले मागे सरलो. त्याने पिशवी पायरीवर ठेवली आणि मुकाट्याने वळला. ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून माणुसकीचा धडा दिला, त्याच मुलखात आम्ही आपल्या माणसास असे दूर लोटले.

दोन दिवसांनी त्यास ज्वर आला व नाकाघशातील स्रावाचा नमुना तपासणीस गेला. या तपासणीमागे कोणाचे कष्ट होते, हे आम्ही पुढे वाचून जाणले.

पुण्यास १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. १९७८ पासून ते राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. ३० जानेवारी २०२० रोजी भारतातील पहिल्या कोरोना रुग्णाचे निदान तेथील तपासणीने झाले. परंतु एवढ्या मोठ्या देशास एक संस्था कशी पुरणार? तपासणीचे संच परदेशातून आणावे लागत. अशा वेळी पुण्याच्या मायलॅब कंपनीतील संशोधनप्रमुख, विषाणुशास्त्रज्ञ श्रीमती मिनल दाखवे-भोसले यांनी देशी संच सिद्ध करण्याचे कार्य अंगावर घेतले. त्या वेळी त्या गर्भवती होत्या, आणि प्रकृतीच्या तक्रारीमुळे रुग्णालयात राहून नुकत्याच बाहेर आल्या होत्या. एरवी तीन-चार महिने लागणारे काम दहा जणांच्या पथकाने सहा आठवड्यांत पुरे केले. १८ मार्च रोजी संच परीक्षणासाठी राष्ट्रीय संस्थेकडे सुपूर्त झाला आणि दुसऱ्याच दिवशी बाईंना कन्यारत्न झाले! त्यानंतर आठवड्याच्या आतच संचास सरकारी मान्यता लाभली. परदेशी संचाने एका तपासणीस सुमारे ४,५०० रुपये पडत. हा संच १,२०० रुपयांत काम करी, आणि निकाल अडीच तासांत देई.

या तपासणीतील युक्ती बुद्धिबळाच्या पटावरील धान्याच्या गोष्टीसारखी आहे. पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार. नमुन्यात विषाणू असला, तर त्याच्या अंशापासून प्रथम डीएनए तयार करतात आणि मग त्याच्या प्रती दुप्पट-दुप्पट वाढवितात. दहा आवर्तनांत एकाचे हजारावर, तिसांत शंभर कोटींवर होतात. मग जे सूक्ष्म होते ते यंत्रास दिसू लागते. विषाणू नसला, तर वाढविण्यास काहीच नसते. एकाच नमुन्याची दहा वेळा तपासणी केली तरी निकाल दहाही वेळा एकच यावा, असा या बाईंचा कटाक्ष होता. आम्ही मात्र एकदाही न तपासता निकाल देऊन मोकळे झालो होतो!

चौथ्या दिवशी त्या मुलाचा अहवाल आला. त्यास कोरोना नव्हता. उरलेले दिवस संपताच तो घरी गेला. जाताना त्याने वाकून नमस्कार केला, तेव्हा आम्हांस मान वर करवेना. अहवाल उलट आला असता, तरी तो रोगी ठरला असता, अपराधी नव्हे.

बंधुभगिनींनो, साथी पुन्हा येतील. त्या वेळी अंतर अवश्य राखावे. परंतु वेशीवरच्या माणसाच्या हातातील पिशवी घरी पोचवावी. आणि एक विनंती. आपल्या ज्ञातीतील एखादी मुलगी शास्त्र शिकू इच्छीत असेल, तर तिच्या शिक्षणाचा भार मंडळाने उचलावा. त्या निधीत आमच्या निवृत्तिवेतनातील एका महिन्याची रक्कम आम्ही आज अध्यक्षमहाराजांच्या स्वाधीन करीत आहोत. ही देणगी नव्हे. दोन पावले मागे सरलो, त्याचे हे प्रायश्चित्त आहे.