वृत्तसेवा आणि गृहसौख्य

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाच्या चालकांनी मला चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा हा विषय मी आपण होऊन मागून घेतला. आपल्या खारदांड्याची मुले पूर्वी होडीवर जात. आज त्यांपैकी काही वर्तमानपत्रांत व वृत्तवाहिन्यांत कामाला आहेत. माझा मुलगा त्यांपैकीच एक.

या व्यवसायाला नावे ठेवण्यासाठी मी उभा नाही. २००९ च्या नोव्हेंबरात फयान वादळ कोकण किनाऱ्यावर आले, तेव्हा समुद्रात असलेले कित्येक मच्छीमार घरी परतले नाहीत. वादळाची वार्ता वेळेवर पोचणे म्हणजे काय, हे दर्यावर जगणाऱ्यांना सांगावे लागत नाही. कोणीतरी जागे राहिलेच पाहिजे. प्रश्न एवढाच की, एकाच माणसाने किती जागावे?

गतवर्षी माझ्या मातोश्री वारल्या. दहाव्याच्या दिवशी आम्ही सारे पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहत होतो आणि माझा मुलगा बाजूला जाऊन फोनवर कसलीशी बातमी सांगत होता. मी रागावलो. तो म्हणाला, "बाबा, मी नाही दिली तर दुसरा देईल." त्या रात्री त्याच्या आईने मला सांगितले की, कित्येक महिने त्याला सलग झोप नाही, रक्तदाब वाढला आहे, आणि त्याची धाकटी मुलगी बापाला "उद्या येणारे बाबा" म्हणते. माझा राग ओसरला. भय मात्र उरले.

आपल्या भाषेतील थोर संपादकांनी देहाची पर्वा केली नाही. 'सुधारक'कार आगरकर दम्याने जर्जर असतानाही लिहीत राहिले आणि १८९५ साली वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी निवर्तले. यशोदाबाई व मुले मागे राहिली. त्या त्यागापुढे मस्तक नमते. परंतु तो त्याग स्वेच्छेचा व तत्त्वासाठी होता. दुसऱ्याच्या आधी बातमी देण्यासाठी रोज देह झिजविणे याला त्याग म्हणवत नाही.

त्याच काळातील दुसरे संपादक नारायण मेघाजी लोखंडे. १८८० पासून त्यांनी 'दीनबंधु' चालविले, १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सतत झगडून १८९० साली त्यांना रविवारची सुटी मिळवून दिली. ती सुटी एका पत्रकाराने मिळविली, आणि आज पत्रकारालाच रविवार सापडत नाही! १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने चार आठवड्यांत १४४ तासांची मर्यादा व आठवड्यातून सलग चोवीस तासांची विश्रांती सांगितली होती. म्हणजे विश्रांती मागणे हा आळस नव्हे. तो हक्क आहे.

हे शहाणपण आपल्या वाडवडिलांना ठाऊक होते. रात्री होडीवर सारेच जागत नाहीत. एक सुकाणू धरतो, बाकीचे झोपतात, मग पाळी बदलते. सारेच जागले तर पहाटे जाळे ओढणार कोण? जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा माशांची वीण वाढते आणि आपण जाळी विणतो, होड्या डागडुजतो. न वाळविलेले जाळे कुजते, तसेच मनुष्याचे आहे.

तरुणांनो, आठवड्याचा एक दिवस घरासाठी राखा. जेवताना व निजताना फोन दूर ठेवा. सोबत्याशी पाळी वाटून घ्या. प्रकृतीची तक्रार वैद्यापासून लपवू नका.

घरच्यांचेही कर्तव्य आहे. रात्रपाळी करून आलेला मुलगा दिवसा झोपला तर त्याला आळशी म्हणू नका. आणि आपल्या हळदीचे कर्णे रात्री थोडे आवरले, तर साऱ्या गल्लीवर उपकार होतील!

माझ्या मुलाने वरिष्ठांशी बोलून एक दिवस मागून घेतला. मोठी बातमी आली की तोही बुडतो, हे खरे. पहिले दोन आठवडे तो दिवस त्याने झोपूनच काढला. तिसऱ्या आठवड्यात मुलीचा हात धरून तो बंदरावर गेला. पूर्वी आपल्या बायका किनाऱ्यावर उभ्या राहून होडीची वाट पाहत. आज त्या मध्यरात्री गल्लीच्या तोंडाकडे पाहतात. त्यांची वाट पाहणे थोडे कमी व्हावे, एवढीच माझी विनंती आहे.