उन्हापासून लपवलेले पाणी

वैशाखाच्या उन्हात तापीकाठच्या बऱ्हाणपुरात वाळत घातलेले ओले लुगडे पाहता पाहता कोरडे होते. त्यातले पाणी गेले कुठे? चुलीवरचे आधण उकळले की पाण्याची वाफ होते, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु श्रोतेहो, न उकळताही पाण्याचे बाष्प होत असते. पाण्याच्या पृष्ठभागावरील काही कण इतरांहून वेगवान असतात. ते शेजारच्या कणांचे आकर्षण तोडून हवेत निसटतात. मंद कण तेवढे मागे राहतात, म्हणून उरलेले पाणी गार होते. मातीचा माठ थंड राहतो तो याच कारणाने.

या रूपांतरास उष्णता लागते, आणि तीही थोडीथोडकी नव्हे. एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ८० कॅलरी पुरतात. १०० अंशांवरील एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास मात्र सुमारे ५४० लागतात. निमाडचा सूर्य उघड्या तळ्यांवर ही उष्णता सढळ हाताने खर्च करतो. तळे आटते ते केवळ लोकांच्या उपशाने नव्हे.

बऱ्हाणपुरात यावर १६१५ साली उपाय योजला गेला. जहांगीर बादशहाच्या काळी, अब्दुल रहीम खानखानान यांच्या कारकिर्दीत, तब्कुतुल अर्ज या फारसी भूशास्त्रज्ञाने सातपुड्यातून झिरपणारे पाणी भुयारात एकत्र करून केवळ उताराच्या बळावर शहराकडे आणले. मोट नाही, रहाट नाही. वरून दिसतात त्या ओळीने बांधलेल्या विहिरीसारख्या कुंड्या. म्हणून हा कुंडी भंडारा. भुयारातील अंधारात ऊन पोहोचत नाही, झळा शिरत नाहीत. बाष्प होऊन जाणारे पाणी जागीच वाचते.

मात्र याच भुयारात आणखी एक रूपांतर चालते. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कर्बवायू घेऊन जमिनीत मुरते आणि वाटेतला चुना विरघळवते. भुयारातील मोकळ्या हवेत तो वायू निसटला, की विरघळलेला चुना पुन्हा घनरूप होऊन भिंतींवर थरावर थर चढवितो. पाण्याची वाट त्यामुळे अरुंद होत जाते.

२०२४ साली हा भंडारा युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेला. परंतु नाव यादीत गेल्याने चुना साचण्याचे थांबत नाही. उन्हापासून पाणी वाचविण्याचे काम जुन्या कारागिरांनी करून ठेवले. दगडापासून ते वाचविणे आजच्या पिढीकडे आहे.