निर्वात पिशवी आणि घरातील अन्नसाठा

उन्हात खडखडीत वाळविलेले धान्य कडुनिंबाचा पाला घालून कणगीत भरावयाचे, ही महाराष्ट्रातील जुनी रीत. शहरातील लहान घरांत कणगीला जागा उरली नाही. तेथे आता पिशवीतील हवा शोषून तिचे तोंड उष्णतेने बंद करणारे यंत्र येऊ लागले आहे.

सोंडे, भुंगेरे आणि बुरशी यांना वाढीसाठी प्राणवायू लागतो. शेंगदाणे खवट होतात तेही प्राणवायूमुळेच. म्हणून वाळविलेली डाळ वा दाणे अशा पिशवीत अधिक काळ टिकतात. मात्र धान्यात ओल सुमारे १२ टक्क्यांहून अधिक नसावी. दाताखाली दाणा कटकन फुटला पाहिजे, ही गृहिणींची कसोटी येथेही उपयोगी पडते.

शिजविलेल्या अन्नाची गोष्ट निराळी. हवा नाही म्हणजे जंतू नाहीत, हा समज घातक होय. क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम हा जंतू प्राणवायूच्या अभावीच वाढतो. साध्या उकळण्याने त्याचे बीजाणू मरत नाहीत आणि अन्नात उतरलेले त्याचे विष वासावरून ओळखता येईलच असे नाही. उसळ, मासे, सोललेला लसूण निर्वात पिशवीत भरून फडताळात ठेवणे म्हणजे या जंतूला घर बांधून देणेच! असे पदार्थ फ्रिजमध्ये ४ अंश सेल्सियसच्या खाली ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावेत, अथवा उणे १८ अंशांवर गोठवावेत. जेथे वीज तासन्‌तास जाते, तेथे हे यंत्र सुक्या जिनसांपुरतेच वापरणे बरे.