लुई ब्रेल आणि डोळसांचा आग्रह



अपंगत्वावर मात केलेल्यांची चरित्रे सहसा जिद्दीच्या गुणगानापाशी येऊन थांबतात. लुई ब्रेल यांच्या चरित्रात मात्र जिद्दीपेक्षा बुद्धीचा वाटा मोठा आहे. १८०९ मध्ये पॅरिसच्या पूर्वेस असलेल्या कूप्व्रे गावी खोगीर-लगाम बनविणाऱ्या कारागिराच्या घरी ते जन्मले, तिसऱ्या वर्षी वडिलांच्या हत्याराने एका डोळ्याला इजा झाली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यात पसरला आणि पाचव्या वर्षापर्यंत दृष्टी पूर्ण गेली.

१८१९ मध्ये ते पॅरिसच्या अंधशाळेत दाखल झाले, तेव्हा तेथील पुस्तकांत नेहमीचीच रोमन अक्षरे कागदावर फुगवून उमटविलेली असत. प्रत्येक अक्षराची वळणे बोटाने चाचपावी लागत असल्याने वाचन रेंगाळे, आणि अशी अक्षरे विद्यार्थ्याला स्वतः लिहिता येणे तर दूरच. जे डोळ्याला सोयीचे तेच बोटालाही सोयीचे असणार, हे त्यामागचे गृहीत सद्‌भावनेचे होते, पण चुकीचे होते.

१८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिये या माजी लष्करी अधिकाऱ्याची ठिपक्यांची पद्धत शाळेत आली. तिच्यात एका चिन्हाला बारापर्यंत ठिपके लागत, त्यामुळे बोट वर-खाली फिरवावे लागे. शिवाय चिन्हे ध्वनींची असल्याने शुद्धलेखन आणि विरामचिन्हे यांना तिच्यात जागा नव्हती. ब्रेल यांनी पंधराव्या वर्षापर्यंत ही आकृती निम्मी केली. प्रत्येकी तीन ठिपक्यांच्या दोन उभ्या ओळी बोटाच्या एका टोकाखाली मावतात आणि त्यांतून ६३ वेगवेगळी चिन्हे मिळतात. ठिपके कागदाच्या मागून टोचून उठवायचे असल्याने हाताने लिहिणारा उजवीकडून डावीकडे, उलट्या आकृतीत लिहितो आणि कागद पालटून डावीकडून वाचतो; वही, पत्र, हिशेब, सारे त्यामुळे अंध व्यक्तीच्या स्वतःच्या हाती आले. १८२९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तिकेत संगीतलेखनाचीही सोय होती, आणि ती स्वाभाविक होती, कारण ब्रेल स्वतः कुशल ऑर्गनवादक होते.

पुढचा भाग पदवीदान समारंभात सांगणे काहीसे अवघड आहे. ज्या संस्थेत ही लिपी जन्मली आणि जिथे ब्रेल शिक्षक झाले, तिथेच १८४० नंतर नव्या संचालकांनी तिला बंदी घातली. डोळस शिक्षकांना वाचता न येणारी लिपी अंधांना समाजापासून तोडेल, अशी भीती त्यामागे होती. विद्यार्थी मात्र ती चोरून वापरत राहिले आणि काही वर्षांतच शाळेला आपला हेका सोडावा लागला. क्षयाने जर्जर झालेले ब्रेल १८५२ मध्ये, त्रेचाळिसाव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी, वारले. फ्रान्सने त्यांची लिपी अधिकृतपणे स्वीकारली ती १८५४ मध्ये.

मराठी ज्या भारती ब्रेलमध्ये लिहिली जाते, ती भारतीय भाषांसाठीची समाईक पद्धत १९५१ मध्ये ठरली. तिच्यात ‘अ’ला फ्रेंच ‘ए’चाच एकुलता ठिपका आहे, आणि देवनागरीत व्यंजनाच्या आधी काढली जाणारी पहिली वेलांटी येथे उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतर येते.