शांतपणाची तालीम

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



जपानमध्ये भूकंप झाला, की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं. "काय शांत राहतात हो ती माणसं! रक्तातच असावं लागतं ते." मीसुद्धा हे वाक्य अनेकदा म्हटलेलं आहे. पण तिथला एक मोठा भूकंप अनुभवल्यानंतर ते इतक्या सहजपणे माझ्या तोंडून निघेनासं झालं. असं का झालं, ते आज सांगणार आहे.

मी पुण्यात जपानी भाषा शिकले आणि लग्नानंतर आम्ही तोक्योला गेलो. घर निशी-कासाई भागात. तिथे भारतीय कुटुंबांची बरीच वस्ती आहे. मी कान्दा भागातल्या एका छोट्या कार्यालयात भाषांतराचं काम करायचे. मुलगी घराजवळच्या जपानी शाळेत पहिलीत होती.

१ सप्टेंबर हा जपानमध्ये आपत्ती-निवारण दिन असतो. त्या सुमारास २०१० साली मुलीच्या शाळेने आम्हा पालकांना एका तालमीसाठी बोलावलं. भूकंप झाला आहे असं समजून मुलं मैदानावर रांगेत बसली होती. डोक्यावर कापसाच्या जाड टोप्या. एरवी त्याच टोप्या वर्गात खुर्चीवर उशीसारख्या ठेवलेल्या असतात. माझी मुलगी समोरून "आई, आई" म्हणून हात हलवत होती, आणि तिच्या बाई मला शांतपणे विचारत होत्या, "आपलं नाव? मुलीशी नातं?" मग यादीत खूण, मग सही, आणि मगच मुलगी माझ्या ताब्यात. मी मनातून चरफडले. अर्ध्या दिवसाची रजा वाया गेली, असं घरी येऊन बोलूनही दाखवलं.

त्यानंतर सहा महिन्यांनी, ११ मार्च २०११ रोजी, दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी तो भूकंप झाला. ९.० क्षमतेचा. केंद्र तोक्योपासून दूर, ईशान्येच्या समुद्रात, तरी आमची इमारत कितीतरी मिनिटं बोटीसारखी डुलत होती. मी जिन्याकडे धावले. माझ्या वयस्क सहकारी बाईंनी आधी कार्यालयाचं दार सताड उघडलं, कारण चौकट वाकली की दार अडकतं. मग माझा दंड धरून मला टेबलाखाली बसवलं. हादरे थांबल्यावर कुणी गॅस बंद केला, कुणी डोकी मोजली. त्याच बाईंनी माझ्या उंच टाचांच्या चपलांकडे पाहिलं, खणातून कापडी बूट काढले आणि म्हणाल्या, "हे घाला. आज चालावं लागणार आहे."

आगगाड्या बंद होत्या. लाखो माणसं पायी निघाली होती आणि त्यांच्यात मीही होते. घर दहाएक किलोमीटर. मोबाइल लागत नव्हते, म्हणून हिरव्या सार्वजनिक फोनपुढे लांब रांगा लागल्या होत्या. प्रत्येक जण दोन वाक्यं बोलून फोन ठेवायचा, कारण मागे माणसं होती. सुमिदा आणि आराकावा या नद्यांचे पूल ओलांडताना कुणी कुणाला ढकललं नाही. सिग्नल लाल झाला की ती सगळी गर्दी थांबायची. मला मात्र पळावंसं वाटत होतं. माझं मूल पलीकडे होतं.

शाळेत पोहोचले तेव्हा अंधार पडला होता. मुलं सभागृहात बसली होती, डोक्यावर त्याच टोप्या. दाराशी बाई यादी घेऊन उभ्या. "आपलं नाव? मुलीशी नातं?" या वेळी मी चरफडले नाही. सही करताना माझाच हात थरथरत होता. त्या बाईंचे आईवडील ईशान्येच्या मियागी प्रांतात राहत होते आणि दुपारपासून त्यांचा फोन लागत नव्हता, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. सुदैवाने ते सुखरूप होते.

हे सगळं मी आमच्या शेजारच्या आजींना मोठ्या कौतुकाने सांगितलं. तुमच्या रक्तातच आहे हे, असंही म्हणाले. त्यांनी मान हलवली. "रक्तात असतं, तर १९२३ साली कुठे गेलं होतं?"

१ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत तोक्यो-योकोहामा परिसरात एक लाखाहून अधिक माणसं मेली. त्याच दिवसांत अफवा उठली, की कोरियन लोक विहिरींत विष घालताहेत. माणसांच्या टोळ्या रस्त्यावर उतरल्या आणि निरपराध कोरियनांना त्यांनी ठार मारलं. पोलीस आणि सैनिकही त्यात होते. बळींचा आकडा हजारोंच्या घरात असावा, असं अनेक इतिहासकार मानतात. माणसं तीच होती, रक्तही तेच. आपत्ती-निवारण दिन पाळायला सुरुवात झाली ती १९६० साली, आदल्या वर्षीच्या इसेच्या वादळात पाच हजारांवर माणसं गेल्यानंतर. आज दिसते ती शिस्त अशा ठेचा खाऊन आलेली आहे.

आणि श्रोतेहो, नुसती शिस्तही पुरत नाही.

त्याच ११ मार्चला किनाऱ्यावरच्या कामाइशी शहरात शाळेतल्या मोठ्या मुलांनी हादरे थांबताच टेकडीकडे धाव घेतली. त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेची मुलं वरच्या मजल्यावरून खाली उतरली आणि त्यांच्यामागे पळाली. मोठ्यांनी लहानांचे हात धरले. ठरलेल्या जागी पोहोचल्यावर तिथला कडा ढासळताना दिसला, तेव्हा ती आणखी वर गेली, मग आणखी वर. मागे त्सुनामीने दोन्ही शाळा गिळल्या. त्या शहरात हजाराहून अधिक माणसं गेली, पण शाळकरी मुलं जवळजवळ सगळी वाचली. प्राध्यापक तोशिताका कातादा यांनी तिथे वर्षानुवर्षं शिकवलं होतं, की नकाशावर विसंबू नका आणि सर्वांच्या आधी पळा.

इशिनोमाकी शहरातल्या ओकावा प्राथमिक शाळेत मात्र मुलं मैदानावर नीट गोळा झाली आणि थांबली. जवळजवळ पन्नास मिनिटं. शाळेच्या मागे टेकडी होती. १०८ मुलांपैकी ७४ गेली, दहा शिक्षकही गेले. पालक न्यायालयात गेले. शाळेने आणि शिक्षण मंडळाने आधीपासून पुरेशी तयारी केली नव्हती, हा सेंदाई उच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल २०१९ साली सर्वोच्च न्यायालयात कायम झाला.

हे वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमचंच मैदान आलं. त्याच टोप्या, तशीच रांग. माझी मुलगी वाचली ती समुद्राची लाट तिथवर आली नाही म्हणून.

जपानी लोकांनी हेही मनावर घेतलं. २०११ साली एनएचकेचे निवेदक अतिशय संयमी आवाजात सूचना देत होते. पुढे विचार झाला, की या संयमामुळे ऐकणाऱ्याला धोका कळतो का? १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पात भूकंप झाला, तेव्हा निवेदिका अक्षरशः ओरडत होती. पळा, आत्ताच्या आत्ता पळा, २०११ आठवा! शांतपणासाठी नावाजलेल्या देशाने शांतपणा कुठे सोडायचा याचीही तालीम केली होती. मला त्यांचं खरं कौतुक वाटतं ते इथे.

आता आम्ही पुण्यात असतो. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीत मी अशीच एक तालीम घ्यायचं ठरवलं. गॅस कुठे बंद करायचा, जमायचं कुठे, तळमजल्यावरच्या आजोबांना आणायचं कुणी, एवढंच. अकरा जण आले. बाकीचे गॅलरीतून पाहत होते. मी नावं लिहून घेत होते, तेव्हा एका तरुण आईने वैतागून घड्याळाकडे पाहिलं.

मला काही तिचा राग आला नाही. यादीत तिच्या मुलाच्या नावापुढे खूण केली आणि तिला विचारलं, "मुलाशी नातं?"