बांध आखणारा गृहस्थाश्रमी

(छत्रपती संभाजीनगर येथील एका स्मृतिसभेत केलेल्या भाषणाचा संपादित अंश. आपले नाव कोठे छापले जाऊ नये, ही दिवंगतांची इच्छा होती. ती येथे पाळली आहे.)



ज्यांच्या स्मरणार्थ आपण आज जमलो आहोत, त्या अण्णांना सभा-समारंभात पुढच्या रांगेत बसलेले कोणी पाहिले नसेल. साठच्या दशकात ते भूकरमापक म्हणून सरकारी सेवेत दाखल झाले आणि निमतानदार म्हणून निवृत्त झाले. सेवापुस्तिकेतील नोंद एवढीच. परंतु या जिल्ह्यातील शेकडो शेतांचे बांध ज्यांच्या खुणांवर आज उभे आहेत, त्या माणसाच्या आयुष्याचे मोजमाप सेवापुस्तिकेतून होणार नाही.

जमीन मोजणे हे आपल्याकडे पूर्वापार राज्यव्यवस्थेचे अंग मानले गेले आहे. शिवछत्रपतींच्या काळातील मोजणीचे मान सभासदाच्या बखरीत नमूद आहे. पाच हात व पाच मुठींची काठी, वीस काठ्या लांब व वीस काठ्या रुंद तो बिघा आणि एकशे वीस बिघ्यांचा चावर. ज्या खडकीतून आपले हे शहर वाढले, ती वसवणाऱ्या मलिक अंबरच्या जमीन-पाहणीचाही उल्लेख इतिहासात येतो. पुढे इंग्रजांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. त्याचा प्रमुख कर्नल लॅम्ब्टन १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे मरण पावला. त्याची कबर तेथे आहे. मात्र त्याची अवजड यंत्रे टेकड्यांवर चढवणाऱ्या आणि साखळ्या ओढणाऱ्या एतद्देशीय खलाशांची नावे कोणत्याही दगडावर कोरलेली नाहीत. अण्णा स्वतःला त्या बिननावाच्या परंपरेतले मानीत.

त्यांच्या हाती होती ती शंकू साखळी. लांबी तेहतीस फूट, भाग सोळा आणे. तेहतीस फूट लांब व तेवढाच रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एकर. वापरून वापरून साखळीच्या कड्या ताणल्या जातात. ती अवघी दोन इंच लांबली, तरी दहा एकरांच्या शेतात सुमारे चार गुंठे कमी भरतात. म्हणून मोजणीच्या दिवशी सकाळी साखळी प्रमाण लांबीशी ताडून पाहिल्याखेरीज अण्णा शेतात पाऊल टाकीत नसत. ‘‘आपल्या दोन इंचांपायी दोन घरांत दोन पिढ्यांचे वैर लागते,’’ असे ते म्हणत. कोर्ट-कचेऱ्यांतील बांधाचे खटले ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या वाक्यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

मराठवाड्यात हे काम अधिकच कठीण होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण निजामाच्या राजवटीतून मुक्त झालो, पण जमिनीचे कागद एका दिवसात मुक्त झाले नाहीत. जुने दप्तर उर्दूत, काही मोडीत. वर्ष फसली सनाचे. त्यात ५९० मिळवावे तेव्हा इसवी सन हाती येई. अण्णा नोकरीत आल्यावर उर्दू लिपी शिकले, मोडी घरातील वडीलधाऱ्यांकडून शिकले. खासरा पाहणीची पत्रके, टिपण, फाळणी, गावनकाशा हे सारे एकमेकांशी पडताळल्यावाचून ते हद्द दाखवीत नसत. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये हीच जुनी दप्तरे पुन्हा उघडली गेली, तेव्हा ती वाचू शकणारी माणसे किती थोडी उरली आहेत, हे सर्वांच्या ध्यानी आले.

त्यांच्या आयुष्यातील सर्वांत जड काम जायकवाडीचे. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये ते राष्ट्राला अर्पण झाले. सुमारे १०२ टीएमसी पाणी साठवणाऱ्या या नाथसागराने मराठवाड्याची तहान भागवली, हे निर्विवाद. परंतु त्या पाण्याखाली जी शिवारे गेली, तीही कोणीतरी आधी मोजली होती. बुडणाऱ्या जमिनीचा एकेक गुंठा अण्णा बरोबर मोजीत, कारण मोबदला त्या आकड्यावर मिळणार होता. पहाटेपासून मोजणी करून रात्री त्याच गावात कोणाच्या तरी ओसरीवर निजायचे आणि ज्या घरची भाकरी खाल्ली ते घर उद्या नसणार हे जाणायचे. उन्हाळ्यात पाणी ओसरले, की गाळपेरीच्या जमिनीत जुन्या बांधांच्या रेषा कोठे कोठे वर येतात. त्या पाहण्यास अण्णा कधी गेले नाहीत. त्याविषयी ते फारसे बोलतही नसत.

समर्थांनी दासबोधात परमार्थाच्या आधी नेटक्या प्रपंचाचा आग्रह धरला आहे. अण्णांनी तो आयुष्यभर पाळला. महिन्यातील पंधरा-वीस दिवस फिरती. तरीही दौऱ्यावर निघताना मुलांच्या वह्यांवर गणिते घालून ठेवायची आणि परतल्यावर पाय धुऊन आधी ती तपासायची, हा त्यांचा शिरस्ता. पगाराचे पाकीट काकूंच्या हाती जाई. सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्यासाठी लक्ष्मीमुक्तीची योजना आली, तेव्हा त्यांनी आपल्या वाट्याच्या जमिनीवर काकूंचे नाव लावून घेतले. नातेवाईकांनी थट्टा केली. ‘‘घर तिचे आहेच, शेताच्या कागदाला ते कळायला हवे,’’ एवढे उत्तर देऊन ते मोकळे झाले.

आता ज्या प्रसंगासाठी मला हे भाषण करावेसे वाटले, त्याकडे वळतो. वडिलांच्या निधनानंतर तीन भाऊ आणि दोन बहिणींमध्ये वाटणीचा प्रश्न आला. प्रथेप्रमाणे बहिणींच्या सहीसाठी हक्कसोडपत्र तयार होते. थोरल्या भावाने कागद पुढे केला. अण्णा म्हणाले, ‘‘सही करायची असेल तर हिस्सा पाहून करावी. न पाहिलेल्या गोष्टीचा त्याग कसला?’’ त्यांनी मोजणीचा रीतसर अर्ज केला, फी भरली. घरच्या जमिनीवर स्वतः साखळी धरायची नाही, म्हणून दुसऱ्या भूकरमापकाकडून पाच समान पोटहिस्से पाडून घेतले आणि दगड रोवले. मग दोन्ही बहिणींना बांधावरून चालवत नेऊन त्यांचे हिस्से दाखवले. ‘‘हे तुझे. आता द्यायचे की ठेवायचे, तू ठरव.’’

धाकटीने आनंदाने भावांच्या नावे सोडून दिले. मधली विधवा होती. तिने ठेवले. थोरल्या भावाला हे कधीच मानवले नाही. पुढे दिवाळीला, भाऊबीजेला त्यांनी अण्णांच्या घरी पाऊल ठेवले नाही आणि तो अबोला त्यांच्या मृत्यूपर्यंत टिकला. कुटुंबासाठी जीव टाकणाऱ्या माणसाला याचे दुःख किती झाले असेल! तरी दगड हलला नाही.

बंधू-भगिनींनो, मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, संपूर्ण देशात तो २००५ मध्ये मिळाला. २००५ मध्ये वडील हयात नसले तरी हा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. पण कायदा असला तरी हक्कसोडाचा कागद आजही बहुतेक घरांत ओवाळणीच्या ताटाशेजारीच पुढे येतो. आपण कुटुंबव्यवस्थेचा अभिमान सांगतो आणि तो सांगण्याजोगाच आहे. परंतु ज्या घरात बहिणीच्या मौनावर एकोपा उभा असतो, त्या एकोप्याची साखळी ताणलेली आहे, असे अण्णांकडे पाहून म्हणावे लागते. मोजणी केल्याने घर तुटते, अशी आपली समजूत. अण्णांचा अनुभव सांगतो की, मोजणीची किंमत मोजावी लागते, पण मोजणी टाळल्याने जे तुटते ते दिसत नाही इतकेच.

आज उपग्रहाच्या संकेतावर चालणाऱ्या रोव्हरने मोजणी होते, गावठाणांवर ड्रोन फिरतात. शेतकऱ्यांनी आपसांतील ताब्याचे तंटे मिटवावेत म्हणून २०२३ पासून नाममात्र शुल्कात अदलाबदल करून देणारी सलोखा योजना आहे. साधने सुधारली, याचा अण्णांना आनंदच होता. मात्र यंत्र हद्द दाखवते, ती मान्य करण्याचे मन माणसालाच घडवावे लागते, हे ते नव्या मुलांना आवर्जून सांगत.

या सभेतून घरी जाताना प्रत्येकाने एकच करावे. आपल्या घराचा सातबारा काढून पाहावा. त्यावर कोणाचे नाव आहे आणि कोणाचे असायला हवे होते, याचा शांतपणे विचार करावा. अण्णांना याहून वेगळी श्रद्धांजली रुचली नसती.

त्यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन.